आईच्या पायाला उंदीर चावला, त्यानंतर

आईच्या पायाला उंदीर चावला आणि तिला ते कळलंही नाही. सकाळी तिची चादर बदलताना पायथ्याशी वाळलेल्या रक्ताचे डाग दिसले. मी विचारलं, "आई, पाय कुठे आपटलास का?" ती म्हणाली, "नाही गं." तिचा उजवा पाय मांडीवर घेऊन बघितला. अंगठ्याच्या कडेची जाड कातडी तासून काढल्यासारखी निघाली होती, खालचं मांस लालभडक दिसत होतं आणि बाजूला अगदी जवळजवळ दोन बारीक चरे होते. आईला मधुमेह आहे, तोही जुना. पूर्वी तिच्या पायांना मुंग्या यायच्या, जळजळ व्हायची. मग ते सगळं थांबलं. आता बरं वाटतंय असं ती सांगायची. बरं वाटत नव्हतं, पाय बधिर झाले होते.

उंदरांबद्दल आपण बोलतो ते बहुतेक वेळा धान्याच्या नासाडीबद्दल, कुरतडलेल्या कपड्यांबद्दल, नाहीतर किळस वाटते म्हणून. माणसाच्या अंगाला होणारा धोका त्या बोलण्यात फारसा येत नाही. तान्हं बाळ, अंथरुणाला खिळलेलं माणूस, ज्याच्या पायाला काही लागत नाही असा म्हातारा जीव, या तिघांना घरातल्या उंदराचा सगळ्यात जास्त धोका असतो, आणि नेमके हेच लोक सकाळी उठून "मला काहीतरी चावलं" असं सांगू शकत नाहीत. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

जखम आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने धुतली, चांगली पंधरा मिनिटं. वर कुठलाही लेप किंवा पूड लावली नाही. स्वच्छ कापड गुंडाळलं आणि थेट दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पाय दिव्याखाली धरला आणि पहिलाच प्रश्न केला, "घरात उंदीर आहेत?"

"दिसले तर नाहीत," मी म्हटलं.

"दिसायला कशाला हवेत? हे उंदराचंच काम आहे."

मग त्यांनी एका दांडीला बसवलेला नायलॉनचा पातळ तंतू काढला. १० ग्रॅमचा दाब पडला की तो वाकतो, इतकंच त्याचं काम. "आजी, डोळे मिटा. पायाला लागलं की हो म्हणा." अंगठा, चवडा, करंगळीच्या खालची जागा. प्रत्येक ठिकाणी तंतू वाकत होता आणि आई डोळे मिटून गप्प बसली होती. थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "सुरू केलंत का?" माझ्या पोटात गोळा आला.

उंदीर रात्री फिरतो आणि पांघरुणाबाहेर राहिलेल्या भागाला तोंड लावतो. मोठ्या माणसाच्या हातापायांची बोटं, बाळाच्या बाबतीत ओठ आणि गाल, कारण तिथे दुधाचा वास असतो. ज्याला संवेदना आहे तो गाढ झोपेतसुद्धा पाय झटकतो आणि उंदीर पळून जातो. आईने पाय झटकलाच नाही, त्यामुळे तो कुरतडत राहिला. मधुमेहात पायाचा रक्तपुरवठा आधीच मंदावलेला असतो, जखम भरायला वेळ लागतो आणि जंतुसंसर्ग हाडापर्यंत गेला तर बोट, कधी पाय गमवायची वेळ येते. म्हणून साध्या माणसाला ओरखडा वाटेल ती जखम तिच्यासाठी गंभीर होती.

धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, प्रतिजैविकं सुरू केली, रोज ड्रेसिंगला यायला सांगितलं. रेबीजचं मी विचारलं. उंदरांमध्ये तो फार क्वचित आढळतो, पण निर्णय दर वेळी डॉक्टरांनी घ्यायचा असतो, घरी बसून आपण नाही, असं ते म्हणाले. त्यांनी बजावलं ते तापाचं. उंदराच्या तोंडात आणि घशात स्ट्रेप्टोबॅसिलस नावाचे जंतू असतात. चावल्यानंतर साधारण ३ ते १० दिवसांत थंडी वाजून ताप, सांधे धरणं, तळहात-तळपायांवर पुरळ, असं काही दिसलं तर वाट बघायची नाही. हा ताप पेनिसिलिनने बरा होतो, पण उपचार न मिळाल्यास जीवही जाऊ शकतो. आणि गंमत नव्हे, काळजीची गोष्ट अशी की तोवर जखम वरून भरलेली असू शकते. ताप आल्यावर "काही दिवसांपूर्वी उंदीर चावला होता" हे आपण आठवणीने सांगितलं नाही, तर तपासणाऱ्याला ते कसं कळणार?

त्या रात्री आईचा पलंग भिंतीपासून ओढून खोलीच्या मध्यावर घेतला. मच्छरदाणी चारही बाजूंनी गादीखाली खोचली, चादरीचं टोक जमिनीला टेकणार नाही असं केलं. मच्छरदाणी उंदराला सहज कुरतडता येते, पण तेवढ्यापुरता आडोसा झाला. मुलाला, जो जेमतेम चालायला लागला होता, आमच्या दोघांच्या मध्ये घेतलं. आणि दुसऱ्या दिवसापासून शोध सुरू केला.

स्वयंपाकघरातल्या कपाटामागे टॉर्च मारली आणि लेंड्या दिसल्या. त्या नीट बघायला हव्यात, कारण त्यांवरून बरंच कळतं. चुंदीची, म्हणजे घरातल्या लहान जातीच्या उंदराची, लेंडी ३ ते ६ मिलिमीटरची, दोन्ही टोकांना निमुळती. माळ्यावर, छपरात चढणाऱ्या काळ्या उंदराची साधारण १२ मिलिमीटरची आणि टोकदार. गटारातून, बिळातून येणाऱ्या तपकिरी उंदराची १८-२० मिलिमीटरची, बोथट टोकांची. ताजी लेंडी मऊ आणि चकचकीत असते, जुनी राखाडी आणि भुसभुशीत. आमच्याकडच्या मोठ्या होत्या, बोथट होत्या आणि ताज्या होत्या. म्हणजे ये-जा खालून होती, मोरीच्या बाजूने. एका उंदराच्या रोज ४०-५० लेंड्या पडतात, त्यामुळे ढीग बघून उंदीर किती असतील याचा अंदाज बांधताना घाबरून जायचं कारण नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नसतं.

रात्री झोपण्यापूर्वी मी भिंतीच्या कडेकडेने टाल्कम पावडर भुरभुरवली. उंदराची नजर अधू असते. तो मिशांनी भिंत चाचपत, भिंतीला अंग घासत चालतो आणि एकदा ठरलेली वाट सहसा सोडत नाही. सकाळी पावडरीवर सगळं उमटलं होतं. पुढच्या पंजाची चार बोटं, मागच्या पंजाची पाच, आणि मधून शेपटी ओढल्याची बारीक रेघ. ती रेघ मोरीतल्या सांडपाण्याच्या पाईपपासून निघून फ्रिजच्या मागे गेली होती, तिथून ओट्याखाली, आणि तिथून थेट आईच्या खोलीच्या दाराकडे. दाराखालची फट मी बोटाने मोजली. अंगठा सरळ आत गेला. अंगठा जाईल तिथून उंदीर जातो, पेन्सिल जाईल तिथून चुंदी जाते. चुंदीला ६ मिलिमीटरची फट पुरते, उंदराच्या पिल्लाला साधारण १२ मिलिमीटरची. डोकं गेलं की बाकीचं अंग आकसून जातं.

पाईप भिंतीतून बाहेर पडतो तिथलं प्लॅस्टर सुटलं होतं. त्या भोकाची खालची कड काळपट आणि तेलकट झाली होती. रोज तिथूनच अंग घासून जाण्याने केसांवरचं तेल आणि मळ तिथे बसतो. असा डाग कुठेही दिसला की ती वाट चालू आहे असं खुशाल समजावं. हा डाग मी हातमोजा घालून कागदाने पुसला. दुसऱ्या दिवशी तिथे पुन्हा पुसट वलय आलं होतं.

फ्रिजमागे गेलेली पावलं बघून वायरमनला बोलावलं. त्याने फ्रिज ओढला आणि मला हाक मारली, "ताई, इकडे बघा, पण हात लावू नका." भिंतीलगतच्या वायरवरचं प्लॅस्टिक वीतभर सोललेलं होतं. आतलं तांबं उघडं, चकाकत होतं. दोन तारा एकमेकींपासून बोटभरही लांब नव्हत्या. आणि त्यांच्या अगदी शेजारी, फ्रिजच्या मोटरच्या ऊबेला, कागदाचे तुकडे, कापूस आणि पिशवीच्या चिंध्या गोळा करून घरटं बांधलं होतं. उघडी तार आणि तिच्याशेजारी सुका कागद! मला वाटतं, त्या घरात आम्ही पाच माणसं झोपत होतो ही गोष्ट मी सगळ्यात जास्त वेळ डोक्यातून काढू शकले नाही. चावलेला पाय दिसतो तरी. ही तार कुणाला दिसणार होती?

उंदीर भुकेपोटी वायर खात नाही. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, वर्षाला १० सेंटिमीटरच्या आसपास, आणि ते झिजवत ठेवले नाहीत तर त्याला तोंड मिटता येणार नाही. दातांच्या समोरच्या बाजूला लोहयुक्त नारिंगी थर असतो, म्हणून तो प्लॅस्टिक, लाकूड, शिसं, अॅल्युमिनियम, कच्चं सिमेंट सगळं कुरतडतो. वायरमनने मेन बंद केलं, ती सगळी लाईन बदलून जाड नळीतून नेली आणि अर्थ लीकेज झाल्यास, म्हणजे वीज वायरबाहेर गळायला लागल्यास, ती तोडणारा ब्रेकर बसवला. कुरतडलेल्या वायरचा स्पर्श फ्रिजच्या पत्र्याला झाला असता तर विजेचा धक्का बसण्याआधी तो ब्रेकर पडेल, असं त्याने समजावलं. नुसत्या फ्यूजवर ही मदार ठेवता येत नाही.

त्याच दिवशी गॅसची नळी तपासली. रबरी नळीच्या खालच्या बाजूला, शेगडीच्या मागे, जिथे कधी नजर जात नाही तिथे दाताच्या खुणा होत्या. अजून आरपार गेलं नव्हतं. साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघायचं, काडी पेटवून कधीही नाही. नळी बदलून आतून तारेची जाळी असलेली घेतली. ज्यांच्या घरात उंदराची एक जरी लेंडी सापडली असेल त्यांनी बाकी सगळं बाजूला ठेवून आधी गॅसची नळी आणि फ्रिज, धुलाईयंत्र यांच्या मागच्या वायरी बघाव्यात, असं मी आता प्रत्येकाला सांगते.

मग सफाई. इथे मी नवऱ्याचा झाडू हातातून काढून घेतला. वाळलेल्या लेंड्या आणि मूत्र झाडलं की त्यांची धूळ हवेत उडते आणि श्वासातून आत जाते. हंटा गटातले विषाणू असेच पसरतात, आणि व्हॅक्यूम क्लीनरने तर धूळ आणखीच उडते. खिडक्या-दारं उघडून अर्धा तास खोली मोकळी सोडली. हातमोजे, मास्क. एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी असं मिश्रण तयार करून लेंड्यांवर आणि घरट्यावर भरपूर शिंपडलं, पाच मिनिटं भिजू दिलं, मग कागदाने उचलून दुहेरी पिशवीत बांधलं. ब्लीचमध्ये फरशीचं अॅसिड मिसळायचं नाही, त्यातून विषारी वायू सुटतो. माझी नणंद मदतीला येते म्हणाली होती. तिला दिवस गेले होते, म्हणून नको म्हटलं. चुंदीकडून येणारा एक विषाणू पोटातल्या बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना इजा करू शकतो, त्यामुळे गरोदर बाईने या कामाला हातच लावू नये. ती जरा हिरमुसली, पण ऐकलं.

सगळ्यात जास्त लक्ष मोरीकडे दिलं. लेप्टोस्पायरा नावाचे जंतू उंदराच्या मूत्रपिंडात राहतात. उंदराला स्वतःला त्याने काही होत नाही, तो ठणठणीत फिरतो आणि मूत्रावाटे हे जंतू सांडत राहतो. ओल्या जागेत, साचलेल्या पाण्यात ते आठवडेच्या आठवडे जिवंत राहतात, कोरड्या जागेत लवकर मरतात. माणसाच्या अंगात शिरायला त्यांना कापलेली, चिरलेली किंवा पाण्याने मऊ पडलेली कातडी पुरते, डोळे-नाक-तोंडाची नाजूक त्वचाही पुरते. आता आमच्याकडचं चित्र बघा. मोरीतून उंदराची वाट, मोरी कायम ओली, आणि आई पायाला उघडी जखम घेऊन त्याच मोरीत अनवाणी जाणार. एका उंदराने जखम केली होती आणि त्याच जखमेतून दुसरा रोग आत जायची सोय झाली होती. लेप्टोस्पायरोसिसची लक्षणं २ ते ३० दिवसांत कधीही दिसू शकतात. ताप, डोकेदुखी, डोळे लाल, पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देत नाहीत. पुढे कावीळ आणि मूत्रपिंडं निकामी होण्यापर्यंत जातं. सुरुवातीला ओळखलं तर साध्या प्रतिजैविकांनी आटोक्यात येतं. मोरी ब्लीचने धुऊन पुसून कोरडी ठेवायला लागलो. आईला आत जाताना घालायला बंद चपला दिल्या, आणि ड्रेसिंगवर पाणी जाऊ नये म्हणून प्लॅस्टिक बांधायचो.

उंदीर मारायचं औषध आणा, असं सगळ्यांनी सुचवलं. रांगतं-चालतं मूल ज्या घरात आहे तिथे मी ते आणू दिलं नाही, आणि या बाबतीत माझं मत आजही पक्कं आहे. यातली काही औषधं, ब्रोमाडिओलोनसारखी, रक्त गोठू देत नाहीत. शरीर के जीवनसत्त्व पुन्हा पुन्हा वापरतं, ती क्रियाच ही औषधं बंद पाडतात. उंदीर लगेच मरत नाही, काही दिवसांनी आतल्या रक्तस्रावाने मरतो, तोही बहुधा भिंतीच्या आत किंवा माळ्यावर जिथे आपला हात पोचत नाही. तो अर्धमेला उंदीर मांजराने किंवा घुबडाने खाल्ला तर विष त्यांच्याही पोटात जातं. माणसावर निदान याला उतारा आहे, के१ जीवनसत्त्वाचा, पण तो बरेच आठवडे द्यावा लागतो. झिंक फॉस्फाइड हे दुसरं औषध पोटातल्या आम्लात फॉस्फिन नावाचा विषारी वायू सोडतं. त्याला विशिष्ट उतारा नाही. पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टने यकृत निकामी होतं, आणि त्यातला सगळ्यात फसवा भाग म्हणजे सुरुवातीच्या उलट्या थांबल्यावर एक-दोन दिवस माणूस बरा झाल्यासारखा वाटतो. घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि मग प्रकृती ढासळते. मुलाने यातलं काहीही तोंडात घातल्याची नुसती शंका आली तरी उलटी करायला लावू नये, पाकीट बरोबर घेऊन लगेच रुग्णालय गाठावं. पाकिटावरचं नाव बघून कोणते उपचार करायचे ते ठरतं.

चिकट पाट्याही नको म्हटलं. त्यावर उंदीर तासन्‌तास जिवंत तडफडतो, मूत्र सांडतो, कधी पाटी ओढत घरभर फिरतो. हाल त्याचे होतातच, वर घाण पसरते. कुणीतरी प्लगमध्ये लावायचं कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजाचं यंत्र आणून दिलं होतं. तो आवाज भिंत काय, कपाटसुद्धा ओलांडत नाही, आणि उंदीर त्याला सरावतात. डांबराच्या गोळ्या कोपऱ्यात टाकायचा सल्ला तर मूल असलेल्या घरात देऊच नये.

आम्ही चाप लावले. चाप भिंतीला काटकोनात ठेवायचा आणि आमिषाची बाजू भिंतीकडे करायची, कारण उंदीर भिंतीच्या कडेने येतो. उंदीर नव्या वस्तूला बुजतो. म्हणून सुरुवातीच्या काही रात्री चाप ओढून न ठेवता नुसतेच आमिष लावून ठेवले. तो येऊन खाऊन जाऊ दे, त्याला ती जागा ओळखीची होऊ दे, मग चाप चढवायचा. आमिष नुसतं ठेवलं तर तो अलगद उचलून नेतो, म्हणून कापसात गुंडाळून दोऱ्याने बांधलं. त्याला ते ओढावं लागलं आणि चाप पडला. सगळे चाप मुलाचा हात पोचणार नाही अशा, दाराला कडी घातलेल्या जागी होते.

मेलेल्या उंदराला उचलण्याचीही रीत आहे. उंदीर मेला की त्याचं अंग थंड पडतं आणि त्याच्यावरच्या पिसवा दुसरं ऊबदार अंग शोधायला निघतात. प्लेगचे जंतू अलेक्झांडर येर्सिन यांनी १८९४ मध्ये हाँगकाँगला शोधले, पण ते उंदराकडून माणसाकडे येतात कसे, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवून दिलं. ते काम पिसवेचं. आज प्लेगची भीती पूर्वीसारखी नाही, पण पिसवांमुळे येणारा टायफस ताप अजूनही आहे आणि पिसवा तशाच उड्या मारतात. म्हणून चापातल्या उंदरावर आधी ब्लीचचं पाणी मारायचं, थोडं थांबायचं, मग हातमोजा घालून चापासकट पिशवीत घालायचा. हे काम नवऱ्याने केलं, एकदाही कुरकुर न करता.

आता खरी गोष्ट. चाप लावून उंदीर संपत नाहीत. मादी २१ ते २३ दिवसांत विते, एका वेळी सहा ते बारा पिल्लं होतात, आणि विल्यानंतर एका दिवसाच्या आत ती पुन्हा गाभण राहू शकते. पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः वितात. आपण पाच मारले तरी वाट उघडी आणि अन्न-पाणी तयार असेल, तर बाहेरचे पाच आत येतात. सगळी मेहनत वाट बंद करण्यात घालावी, या निष्कर्षाला मी आले, आणि घरात जो काही फरक पडला तो त्यानेच पडला.

गवंडीकाका आले तेव्हा पहिल्यांदा त्यांनी भोक फोमने भरायचं म्हटलं. मी नाही म्हटलं, फोम उंदीर एका रात्रीत पोखरतो. मग त्यांनी स्वतःचीच जुनी पद्धत काढली. पाईपभोवतीच्या भोकात आधी भांडी घासायची तारेची घासणी दाबून बसवली, त्यावर बारीक छिद्रांची लोखंडी जाळी, आणि वरून सिमेंट. जाळीचं छिद्र ६ मिलिमीटरपेक्षा मोठं नको, हे मी मापून घेतलं. ओलं सिमेंट उंदीर उकरून काढतो, म्हणून ते वाळेपर्यंत वर पत्र्याचा तुकडा ठोकून ठेवला. मोरीच्या जाळीला स्क्रू बसवले, कारण नुसती ठेवलेली जाळी उंदीर खालून ढकलतो. दाराच्या खाली पत्र्याची पट्टी, एसीच्या नळीभोवतीची फट, ओट्याखाली पूर्वीच्या नळाचं राहून गेलेलं भोक, खिडकीला टेकलेली झाडाची फांदी. पेन्सिल हातात घेऊन मी घराच्या आतून आणि बाहेरून फिरले, आणि जिथे ती आत गेली तिथे खडूने खूण केली. खुणा माझ्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ झाल्या.

एक भोक मात्र काकांनी लगेच बंद केलं नाही. "आत पिल्लं असतील तर तिथेच मरतील, घरात राहवणार नाही," ते म्हणाले. त्या भोकात त्यांनी चुरगळलेला कागद कोंबला. सकाळी कागद बाहेर ढकललेला होता. मग आत चाप, भोकात कागद, हे चालू ठेवलं. कागद जागचा हलत नाही आणि पावडरीवर एकही पाऊल उमटत नाही, असं सलग बऱ्याच रात्री झाल्यावरच ते सिमेंटने भरलं.

घरातल्या सवयी बदलाव्या लागल्या. धान्य घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यांत गेलं. खरकटं रात्री घरात ठेवायचं नाही, सिंक कोरडं करायचं, गळणारा नळ दुरुस्त करायचा. तपकिरी उंदराला रोज पाणी लागतं, ते मिळालं नाही तर तो फार दिवस टिकत नाही. पुठ्ठ्याची रिकामी खोकी, जी कधीतरी लागतील म्हणून माळ्यावर ठेवली होती, ती सगळी काढली. फळं-भाज्यांच्या पिशव्या जमिनीवर ठेवणं बंद. अन्नावर त्यांचं मूत्र किंवा लेंडी पडली तर साल्मोनेलाचे जंतू पोटात जातात, म्हणून अर्धवट कुरतडलेला पदार्थ "तेवढा भाग काढून" वापरायचा नाही, अख्खा टाकायचा. हे आईला पटायला वेळ लागला. अन्न टाकलेलं तिला बघवत नाही. पण तिने ऐकलं, आणि आता ती इतरांना बजावते.

तिची जखम भरायला बरेच आठवडे गेले. एकदा कडेने पू धरला होता, तेव्हा डॉक्टरांनी मेलेली कातडी पुन्हा कापून काढली. आई त्या वेळीही माझ्याकडे बघून बोलत होती, कारण तिला काही दुखतच नव्हतं. ताप आला नाही. आता रोज झोपण्यापूर्वी मी तिचे दोन्ही तळवे, बोटांच्या बेचक्या आणि टाचा दिव्याखाली बघते, आणि तिला आतून शिवण टोचणार नाही असे सैल सुती मोजे घालते. ज्यांच्या घरी मधुमेहाचं माणूस आहे त्यांनी उंदीर असो वा नसो, हे करायलाच हवं.

राहिलेलं काम इमारतीचं आहे. आमचा पाईप ज्या डक्टमधून जातो तो सगळ्या मजल्यांना सामाईक आहे. खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "आमच्याकडे नाहीत हो उंदीर." त्यांना पावडरीची पद्धत सांगितली. सकाळी त्याच वर आल्या, मोबाईलवर फोटो घेऊन. चार बोटं, पाच बोटं आणि मधली रेघ. आता प्रत्येक मजल्यावर पाईपभोवतीचं भोक एकाच आठवड्यात बंद करायचं ठरलं आहे, कारण एकेकाने केलं तर उंदीर फक्त मजला बदलतो. डक्टचं तळाचं झाकण फुटलं आहे, ते लोखंडी करून घ्यायचं आहे. माप दिलं आहे, गवंडीकाका सोमवारी येतील.